माहेरी गेली, नाव कमी

२ सप्टें., मंगळ.
सारिकाचं बीपी एकशे साठ-एकशे दहा. मशीन बदलून पुन्हा घेतलं. तेच.
आठवा महिना, पहिलटकरीण. सासर ओढ्यापलीकडे, म्हणजे दुसरा जिल्हा. बाळंतपणाला माहेरी आलीय, ओढ्याच्या अलीकडे, माझ्या हद्दीत. पण गरोदरपणाचं कार्ड तिकडचं, म्हणून माझ्या रजिस्टरला तिचं नावच नाही. आज माझ्या उपकेंद्रावर आली तीसुद्धा भावजयीच्या बाळाच्या लसीला सोबत म्हणून.
लिहायचं ते लिहूनच टाकते. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या डोहाळजेवणाला मी होते. पाय सुजलेले दिसले. म्हटलं, "काय गं राणी, चपला एक नंबर मोठ्या घे आता!" बायका हसल्या. तीही हसली. बॅगेत बीपीचं मशीन होतं. पाहुणी म्हणून गेले, तीन पुरणपोळ्या खाऊन आले. गाढव मी.

३ सप्टें., बुध.
सरांनी (आमचे मेडिकल ऑफिसर) गोळ्या सुरू केल्या. म्हणाले, ताबडतोब भरती करा. सारिकाची आई गयाबाई ऐकेनात. "घरी इचारून सांगते."
ओढ्यापलीकडच्या उपकेंद्राच्या सिस्टर शिंदेबाईंना फोन लावला. तर म्हणे, "माहेरी गेली असं लिहून नाव कमी केलं ना मी." चांगली झापणार होते. पण कुठल्या तोंडाने? मी तर डोळ्यांनी बघून सोडलं.
शेवटी दोघींनी मिळून एक वही करायची ठरवली. माहेरी आलेल्या, माहेरी गेलेल्या, सगळ्यांची नावं दोन्हीकडे. माझं पहिलं पान आजच भरलं. झोप कशी लागणार.

५ सप्टें., शुक्र.
गयाबाई आता म्हणतात, सासरी पोचवते. "माज्या दारात काय इपरीत झालं तर सासरचे जल्मभर बोलत्याल." सासू फोनवर म्हणते, "पयलं बाळंतपण माहेरचंच. रीतच हाय." सारिका दोघींच्या मधे नखं खात बसलेली.
मी ओरडले, "रीत घाला चुलीत! पोरगी मरेल अशानं!"
गरोदर पोरीसमोर हा शब्द बोलले मी. माझी पाठ वळताच मीठमोहऱ्या ओवाळल्या असणार. बरंच केलं.
भरती नाहीच. सारिका गोळ्या घेते म्हणाली.

८ सप्टें., सोम.
रुग्णवाहिकेची रंगीत तालीम. वस्तीवरच्या रखमामावशी खोट्या पेशंट. कण्हायला सांगितलं तर अशा कण्हल्या की शेजारीण खरंच रडायला लागली. आमच्या बाजूची गाडी लांबून येणार, तोवर मावशींना बाजेवर झोप लागली. पलीकडची गाडी पाच मिनिटांत आली नि ओढ्यावरच्या फरशी-पुलापाशी उभी राहिली. ड्रायव्हर आप्पा म्हणतो, "हितनं पुढं आमची हद्द न्हाई." पेशंटच उठून फरशीवरून चालत गाडीकडे गेली. सगळे हसले. मला हसू येईना.
सरांनी दोन्हीकडच्या साहेबांना पत्र दिलं. उत्तर: वरून आदेश आला की बघू. आप्पाचा नंबर मात्र घेऊन ठेवला.
सारिकाचं बीपी तेवढंच. गयाबाईंना पुन्हा हात जोडले. "गुरुवारी जावई येत्यात, मंग जाऊ."

१० सप्टें., बुध.
रजा. सावेडीत, शहरातल्या घरी. भाजी करपली. हे म्हणाले, "तो फोन ठेव गं जरा खाली." ठेवला. परत उचलला. शिंदेबाईंना विचारलं, काही कळलं का? त्या म्हणाल्या, "तुमच्या हद्दीत आहे हो ती, मला काय कळणार!" खरंच की.

११ सप्टें., गुरु.
सकाळीच गयाबाईंचा फोन. "डोकं लई दुखतंय तिचं, डोळ्यापुढं अंधारी येती." स्कूटी पळवली. पोचते तोवर पहिला झटका आलेला. कुशीवर केलं, सरांना विचारून इंजेक्शन दिलं. आमची गाडी दुसऱ्या पेशंटला गेलेली.
आप्पाला लावला. "बाई, आदेश न्हाई आला अजून."
"आप्पा, तुला लेक आहे ना रे?"
फोन ठेवून दिला. मी त्याला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या. आणि बघते तर गाडी फरशी ओलांडून थेट दारात! शिंदेबाई आत बसूनच आल्या होत्या.
गयाबाई नि शिंदेबाई सारिकासोबत मोठ्या दवाखान्यात गेल्या. मी मागं राहिले, लसीकरणाचा दिवस. लेकरं रडत होती.

१२ सप्टें., शुक्र.
सिझर झालं. मुलगी. काचेच्या पेटीत आहे. सारिका अजून शुद्धीवर नाही.
दुपारी तालुक्याला मीटिंग. सरांनी आमची वही उंच धरून दाखवली. "याला म्हणतात तयारी!" टाळ्या. मला उभं केलं. खाली बघत उभी राहिले. डोहाळजेवणातले ते सुजलेले पाय दिसत होते; जमीन दुभंगली तर बरं असं वाटत होतं.
बाहेर येऊन गयाबाईंना फोन केला.
"सिस्टर, तुमी देवावानी धावून आला. पोरीनं डोळं उघडलं की पयलं तुमचं नाव सांगनार हाय मी."
म्हटलं, "गयाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."
"सांगा की."
तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, "सारिकाचे नातेवाईक कोण आहेत? लवकर या!" फोन कट झाला.
तेव्हापासून लावतेय. रिंग जाते, उचलत नाहीत.