अभ्यासातली उसंत

जामखेड तालुका,
१२ जानेवारी

चि. जयास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलून लिहायचा हात सुटायचा नाही, म्हणून तू पत्राचा हुकूम केलास. धाकटी बहीण असून मास्तरीण झालीस की गं!

बारावीच्या सराव परीक्षेत इतिहासाच्या पेपरला डोकं कोरं पडलं. भाकरी झाल्या की पुस्तक घेते, ती दुपार कलेपर्यंत मांडी मोडत नाही. तरी पान उलटलं की मागचं गेलं. पण उठू कशी? हे कोपरगावकडं ऊसतोडीला गेलेत, यंदा माझ्यावाचून, दिरासोबत. वाडीतल्या अंगणवाडीताई उन्हाळ्यात निवृत्त होतायत, त्या जागेला बारावी लागते, म्हणून मी मागं राहिले. जरा नुसती बसलेली दिसले की सासूबाई म्हणतात, पोरगा तिकडं मोळ्या वाहतोय आन् हिला लई इसावा लागतो. मग पुन्हा पुस्तकात डोळे घालते. अक्षरं दिसतात, शिरत काही नाहीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
सुरेखाताई


सावेडी,
१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर सुधारलंय, अभ्यासाची रीत मात्र साफ चुकलीय! रागावू नकोस. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी माझंही असंच व्हायचं. आमच्या मॅडमनी सांगितलं, डोकं थकायच्या आधी उठायचं. एक धडा झाला की पुस्तक मीट. मोबाईल घेऊ नकोस, तो विसावा नव्हे. शेळीला पाला टाक, विहिरीपर्यंत जाऊन ये. आल्यावर पुस्तक न उघडता आठवेल तेवढं लिही, राहिलेलं मग बघ.

दाजींशी मी फोनवर बोलले. ते म्हणाले, कंबर मोडायला मी हाय की हितं. तिला पास व्हायला मागं ठेवलीय. हे सासूबाईंना वाचून दाखव, घाबरू नकोस.

तुझ्या मायेत मला असंच ठेव.

जया


जामखेड तालुका,
१८ मे

चि. जयास,
पोटभर आशीर्वाद.

मी पास झाले हे तुला कळलंच आहे, मागची हकीकत आता लिहिते. तुझं पत्र वाचून दाखवल्यावर सासूबाई तडक उठून शेळीकडं गेल्या. मी ठरवलं, विसावा चोरून घ्यायचा नाही. धडा झाला की सगळ्यांदेखत विहिरीकडं जायची. शेजारच्या चांगुणाकाकू हसल्या. म्हटलं, हसू दे. परत येऊन ओसरीत लिहीत बसायची. हळूहळू पानं लक्षात राहू लागली. एकदा मी वाचतच राहिले, तर सासूबाईच म्हणाल्या, ऊठ की आता, शेळी वरडाय लागली.

परीक्षेत इतिहासाच्या पेपरला पुन्हा अंधारून आलं. पेन खाली ठेवलं, खिडकीतून लिंबाच्या झाडाकडं पाहिलं, श्वास घेतला. ओळी आल्या गं! पुरवणी मागून घेतली.

अंगणवाडीचा अर्ज दिलाय, निवड व्हायची आहे. झाली नाही तरी मी थांबणार नाही. काल ऊसतोडीचा मुकादम पुढच्या हंगामाला नवरा-बायकोची जोडी ठरवायला दारात आला. हे काही बोलायच्या आत सासूबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, सून येनार न्हाई, तिचा अभ्यास हाय. मुकादम हसून म्हणाला, परीक्षा तर झाली, आता कसला अभ्यास?

त्या म्हणाल्या, पुढचा.

सुट्टीत ये, वाट बघते.

तुझी,
सुरेखाताई