सान हुआनच्या आधीची झोप

४ जून
पोहोचलो एकदाचा! सोनोराच्या वाळवंटात नोकरी धरली म्हणून मेहुण्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. विहिरीवरचं पाण्याचं इंजिन लावायचं, गुरांची टाकी भरायची, झालं. खाणीत हाडं झिजवण्यापेक्षा लाख पटीनं बरं. खोलीची जमीन मातीची आहे, छान गार. आधीच्या इंजिनवाल्याचे, इलारियोचे, बूट दाराशी तसेच पडलेत. चोवीस तारखेला, सान हुआनच्या सणाला पाऊस येतो, तेव्हा बायको येईल, रमोना. तिच्यासाठी जागा करून ठेवायचीय.

८ जून
इंजिन लावलं की जमीन धडधडते. आज अंगणातून बेडूक वर आले. वर्षभर मातीत निजतात आणि गडगडाट झाला की पाऊस समजून निघतात. दुपारपर्यंत उन्हात वाळून त्यांची सालपटं झाली. एकच परत गेला. वळला नाही, माझ्याकडे बघत, टाचांच्या काळ्या, टणक धारेनं माती उकरत, मागच्या मागे खाली. स्वयंपाकीण दोन्या एदुविहेस माझ्यावर खेकसली, की मेल्या, खोटा पाऊस पाडतोस! सान हुआनच्या आधी इथे कुणी ढोलसुद्धा वाजवत नाही. पण मालकाचा हुकूम, आणि गुरं तहानलेली. मी काय करणार?

१३ जून
अंगात त्राण नाही. जेवून जमिनीवरच लवंडलो. जाग आली तर टाचा मातीत. दोन्याला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, गाढवा, खाटेवर नीज. दमलेल्या माणसानं इथे जमिनीला पाठ लावू नये. ती हिसकावत नाही, सावकाश घेते. इलारियो कुठे गेला विचारलं. म्हणाली, कुठेच नाही.
मी हसलो. खाट फार तापते.

१७ जून
इंजिन चालू होतं. शेडमागची माती फुगली. बेडूक नव्हता. माणूस — कमरेपर्यंत. इलारियोच, दुसरा कोण असणार. अंगावर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. त्यानं विचारलं, पाऊस आला का. मी नाही म्हणालो. रागावला नाही. माझ्याकडे बघत मागच्या मागे —
भीती वाटते. फार.

२० जून
इंजिन बंद केलं. मालकाला काय म्हणायचं ते म्हणू दे. दोन्यानं माझा पाय खाटेला बांधला. जाग आली ती जमिनीवर. गाठ मीच सोडली होती. टाचांना काळी, टणक धार आलीय.

२३ जून
गुडघ्यांपर्यंत मातीत. दुखत नाही — त्याचीच भीती. दोन्या ओढते, रडते. म्हातारी, किती ओढणार.

सान हुआन
धडधड. ढग नाही — ट्रक. रमोना!
ओरडून सांगायला हवं — उतरू नकोस, परत जा — सांगतो —
पण दमली असेल बिचारी. एवढा प्रवास. शेजारी जागा केलीय, तिच्या मापाची. माती गार आहे, रमोना. चपला काढ आणि जरा —