मनू विमानात बसत नाही

दादर (पश्चिम)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनू,

तुला आणि यानला आशीर्वाद. आमच्या उमाबाईंच्या गालाचे दोन पापे. ते माझ्या वतीने तूच घे.

परवा उमा रडायला लागली म्हणून तू फोन ठेवलास, ते बरोबरच होतं. पण माझं बोलणं अर्धंच राहिलं. शिवाय त्या पडद्यावर मला नीट बोलताच येत नाही गं. उमा कॅमेऱ्याकडे बघते, मी उमाकडे बघते आणि आम्हां आजी-नातीची नजर काही एकमेकींना सापडत नाही. म्हणून आज कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. थंडी यंदा चार दिवस आली आणि गेली. दुकान बरं चाललंय. शिवाजी पार्कात चालायला येणारी मंडळी घरी जाताना आपल्याकडे वळतात, आणि डबा बरोबर आणायचा हे आता बहुतेकांच्या अंगवळणी पडलंय. गेल्या आठवड्यात मात्र राजाध्यक्ष डॉक्टर हात हलवत आले आणि पाव किलो भाजणी मागायला लागले. रखमा त्यांना म्हणाली, "डबो खंय?" तर त्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढून पुढे केली! मी म्हटलं, "डॉक्टर, थालीपिठात केस निघाला तर आमच्या दुकानाचं नाव सांगू नका." शेवटी आपली एक बरणी दिली. दुसऱ्या दिवशी धुऊन पुसून परत आणली त्यांनी.

रखमा अजून रोज चिंचपोकळीहून येते. पाय दुखतात तिचे, पण भाजणी भाजायला दुसऱ्या कोणाला बसू देत नाही.

शेजारच्या डेअरीवाल्या निलेशनेही किटली घेऊन येणाऱ्यांना सुटं दूध द्यायला सुरुवात केली आहे. आम्ही दोघांनी मिळून गल्लीच्या तोंडाशी खुंट्या ठोकल्यात. जादा कापडी पिशवी असेल त्याने अडकवायची, ज्याला हवी त्याने न्यायची. पहिल्या आठवड्यात सगळ्या पिशव्या गेल्या आणि एकही परत आली नाही. निलेश म्हणाला, "काकू, आपले लोक नाही सुधारणार. सोडून द्या." मी सोडलं नाही. आता खुंट्या कमी पडतात. त्यांतल्या दोन पिशव्या मी बाबांच्या शर्टांच्या शिवल्यात. एक तो निळ्या चौकड्यांचा. कोणी ती खांद्याला लावून समोरून गेलं, की हातातलं माप तसंच धरून मी बघत राहते. गिऱ्हाईक खोळंबतं. ते जाऊ दे.

नलूआत्या संक्रांतीला आल्या होत्या. नेहमीप्रमाणे विचारलं, "मनू कधी येतेय?"

"मनू विमानात बसत नाही. माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्हणजे अजून तेच?"

"अजून तेच."

मग आम्ही तिळगूळ खाल्ला.

एक गंमत सांगते. मागच्या वेळी तुला पत्र टाकायला गेले तेव्हा पोस्टातल्या मुलीला विचारलं, हे जर्मनीला जातं कसं? ती म्हणाली, "विमानानेच की, आजी." म्हणजे माझं पत्र बसतं विमानात! बाहेर येऊन एकटीच हसले. मग पार रानडे रोडपर्यंत काही सुचलं नाही.

उमाचे केस काळे आहेत की पिंगट? फोनवर कधी असे दिसतात, कधी तसे. एवढं मात्र आठवणीने कळव.

तुझी,
आई


दादर
२० जुलै २०२५

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि पाकिटातली उमाची बट मिळाली. पिंगटच आहेत की गं! उन्हात धरलं की तुझ्यासारखे तांबूस दिसतात. मी ती बट देवाजवळ ठेवली आहे.

आज जरा मोठं लिहिणार आहे. उमा झोपली की वाच.

गेल्या रविवारी इथल्या महिला मंडळाने आमच्या गल्लीतल्या दुकानदारांचा सत्कार केला. निलेशला शाल दिली, फुलवाल्या गंगुबाईंना दिली. त्या आता पुडीला पानं वापरतात, आणि उरलेल्या फुलांचं खत करून कुंड्यांसाठी देतात. मलाही दिली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ते आता पाठच केलंय. माझी मुलगी फ्रायबुर्गला पाण्याचा अभ्यास करते, विमानाच्या धुराने काय होतं हे कळल्यापासून तिने विमानात बसणं सोडलं, तिने एवढं सोडलं तर मी साध्या प्लास्टिकच्या पिशव्या सोडू नयेत का? इथे नेहमी टाळ्या पडतात. त्या दिवशीही पडल्या.

मग मागून एक मुलगी उठली. सुरुची नाव सांगितलं, कॉलेजात शिकते म्हणाली. तिने अगदी साधं विचारलं, "काकू, मग तुमची आणि ताईची शेवटची भेट कधी झाली?"

मी म्हटलं, "ती दिवाळीला आली होती."

"गेल्या दिवाळीला?"

मनू, ती दिवाळी करोनाच्या आधीची. माईक हातात होता. माझा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू जात होता. अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी ती शाल तोंडाला लावून, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी रडले. बाबा गेले तेव्हाही अशी रडले नव्हते.

रखमाने हाताला धरून बाहेर आणलं. पायऱ्यांवर बसवलं. मग म्हणाली, "वयनी, पासपोर्ट आसा तुमच्याकडे?"

"आहे. मनूच्या लग्नाला जायचं म्हणून काढले होते आम्ही दोघांनी. लॉकडाऊनमुळे जाणं झालं नाही."

"मगे चेडू येणा नाय तर तुमी जावा. हंय बसान रडतास कित्याक?"

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, "अगं, मी विमानाने जाऊ? लोक काय म्हणतील? आत्ता तर टाळ्या घेतल्या मी!"

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "टाळये घेवन काय करतलास?"

त्या रात्रीपासून मी हे पत्र मनात लिहिते आहे.

मनू, लोकांना मी सांगते तेवढं खरं नाही. तुझ्यामुळे मी पिशव्या सोडल्या, पण तुझं ते धुराचं वगैरे पटलं म्हणून नाही. ते नंतर पटलं. आधी काय झालं ते तुला कधी सांगितलंच नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टमध्ये बाबा पार्कात कट्ट्यावर बसले ते पुन्हा उठले नाहीत. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "आई, मी निघते. आत्ता तिकीट बघते." तासाभराने मीच पुन्हा फोन करून म्हटलं, "नको. तू पोचेपर्यंत सगळं होऊन जाईल. तुझा नियम मोडू नकोस." तू "बरं" म्हणालीस.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना नलूआत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आई प्लास्टिकच्या पिशव्या भरून चिवडा विकते, आणि लेकीला आभाळातल्या धुराची काळजी! बाप गेला तरी आली नाही." मला तुझी बाजू घ्यायची होती, पण बोलायला तोंडच नव्हतं, कारण दुकानात पिशव्यांचे गठ्ठे खरंच पडले होते. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि ते सगळे भंगारवाल्याला दिले. माझ्या मुलीला कोणी निर्दयी म्हणू नये, ती एका मोठ्या गोष्टीसाठी लांब राहिली आहे हे सगळ्या दादरला दिसावं, एवढ्यासाठी.

पहिल्या तीन-चार महिन्यांत निम्मी गिऱ्हाइकं तुटली. ऑफिसातून परतणारा माणूस डबा कुठून आणणार? भांडायचे लोक. मीही भांडायचे. मग हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. आज गल्लीतली गटारं तुंबत नाहीत, शाळा मुलांना दाखवायला आणतात, आणि हे मला मनापासून आवडतं. ते खोटं नाही.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहायला मला या पानापर्यंत यावं लागलं. मी "नको" म्हटलं तेव्हा तू ऐकायला नको होतंस. अगं, आईचं "नको" असतं ते. तू चिडून "मी येणारच" म्हणायला हवं होतंस. मी दारात उभी राहून तुला रागावले असते, की कशाला आलीस, आणि मग तुला सोडलंच नसतं. तू अगदी शहाण्या मुलीसारखी ऐकलंस. तेव्हापासून मी तुझ्या नियमाचं कौतुक करत सुटले आहे, म्हणजे तुझ्यावर रागवायला वेळच मिळू नये.

आणि त्यानंतर तू मला एकदाही "ये" म्हणाली नाहीस. उमा झाली तेव्हाही नाही. मला वाटलं, आईने विमानात बसणंही हिला आवडणार नाही. किंवा मीच आवडत नसेन आता. हे दुसरं मी कोणाजवळ बोलले नव्हते. रखमाजवळसुद्धा नाही.

तर, मी येते. विमानाने येते. ट्रॅव्हल्सवाल्या पुष्करकडे चौकशी केली. तो म्हणाला, व्हिसाला मुलीच्या आमंत्रणाचं पत्र लागेल. तसं पत्र पाठव. त्यांच्यासाठी जर्मनमध्ये असेल तरी चालेल. माझ्यासाठी खाली मराठीत एक ओळ लिही. तुला लिहावंसं वाटलं तरच लिही. नाहीतर नको पाठवूस. मी समजेन, आणि दर रविवारी फोन करत राहीन.

वाट बघणारी,
आई


दादर
१ नोव्हेंबर २०२५

मनूबाळा,

आशीर्वाद आता समोरच देईन.

तुझं आमंत्रण, खालच्या मराठी ओळीसकट, पोचलं, व्हिसा झाला आणि काल तिकीट हातात आलं. पुढच्या शुक्रवारी निघते. हे पत्र तुला आधी मिळेल की मी आधी पोचेन, कोण जाणे. फोनवर सांगता आलं असतं, पण माझं मागचं पत्र वाचून तुझा तो फोन आल्यापासून आपण दोघी "हॅलो"लाच रडतो आणि यान बिचारा मागून पाणी आणून देतो. म्हणून शेवटचं एकदा कागदावर.

दिवाळी पार पडली. यंदा भाजणी पुरली नाही. सगळ्यांनी घरचे डबे आणले. मी तिळाएवढंसुद्धा प्लास्टिक दुकानात येऊ दिलं नाही.

गल्लीच्या बैठकीत मी स्वतःच सांगून टाकलं. म्हटलं, "मी महिनाभर लेकीकडे जाते आहे. विमानाने." दीपक केमिस्टने विचारलं, "काकू, तुम्ही? विमानाने?" मी म्हटलं, "हो. त्याने धूर होतो, हेही मला माहीत आहे. जे सोडणं जमलं ते मी सोडलं, हे नाही जमलं. उद्यापासून माझ्याकडे डबा आणायचा नसेल तर तसं सांगा." राजाध्यक्ष डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ललिताबाई, नातीसाठी थोडी भाजणी न्या. मात्र टोपीतून नको." सगळे हसले. मलाही हसू आलं. किती दिवस घाबरले होते मी या माणसांना!

मी नसताना दुकान रखमा आणि निलेशची बायको प्रिती बघतील. रखमाने आत्ताच तिला दम भरायला सुरुवात केली आहे.

तू फोनवर म्हणालीस, की त्या दिवशी तुझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. यान गाडीची किल्ली घेऊन उभा होता. माझं "नको" ऐकून तुला वाटलं, आईला मी तिथे नकोच आहे, बाबांचं जाणं तिला एकटीनेच सोसायचं आहे. आणि मग बोलवायचं कोणत्या तोंडाने, म्हणून तू मला बोलावलं नाहीस. ती बॅग तू आठवडाभर उघडली नाहीस म्हणालीस.

तेव्हापासून ती बॅग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी इथे नलूआत्यांशी भांडत होते आणि तू तिथे भरलेल्या बॅगेशेजारून रोज कामावर जात होतीस. दोघी एकमेकींना जपत होतो, मनू. नको तेवढं.

तिथे आल्यावर मला गाव दाखवायची घाई करू नकोस. तुझी सायकल, ते जंगल, रविवारचा बाजार, सगळं मागाहून. आधी एक दिवस घरातच बसू. उमा माझ्या मांडीवर झोपेल, येईल ना ती माझ्याकडे? नाही आली तरी मी थांबेन. ती झोपली, की आपण बाबांबद्दल बोलू. ते कसे गेले, त्या सकाळी चहा पिताना काय म्हणाले, तुझं नाव किती वेळा निघालं. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. ते ऐकण्याचा पहिला मान तुझा होता, म्हणून तुझ्यासाठी ठेवलं आहे.

बोलताना मी "पुरे, नको रडूस" म्हणाले, तर या वेळी माझं ऐकू नकोस.

तुझ्याकडे यायला फार उशीर केलेली,
आई