मिस्त्रींची पाठ

३ मार्च
पोचलो एकदाचा! दोन वर्षांतलं हे पाचवं काम, पण खोलीला खिडकी आणि ताटात गरम जेवण पहिल्यांदाच. पत्र्याच्या छपरांना पांढरा रंग मारायचा. मिस्त्रींनी साठी ओलांडलीय, तरी माकडासारखे शिडी चढतात. त्यांच्या बायकोला, काकूंना, मोतीबिंदू, म्हणून संध्याकाळी मिस्त्रींच्या पाठीला मलम चोळायचं कामही माझ्याच गळ्यात. म्हणाले, भटक्या, पळायचंच असेल तर आधी पाठ चोळ नि मग पळ.

१० मार्च
माणसाची कातडी इतकी निरखून कधी बघितली नव्हती. पट्ट्याखाली बोटभर जागा अजून बाळासारखी मऊ. वर चाळीस वर्षांचं ऊन, तेही पत्र्यावरून उलटून खालनंही लागलेलं. मानेला चिरा, हातांवर तपकिरी डाग. मनगटाची कातडी चिमटीत धरली तर तंबूसारखी उभीच राहते. काकू म्हणतात, वय आधी कातडीला कळतं. खांद्याखाली काहीतरी खाजतं, काय आहे बघ, मिस्त्री म्हणाले. काळा तीळ होता. नशीबवान आहात, म्हणालो. खूश झाले. सकाळी एक कबुतर ओल्या रंगात चालून गेलं. दिवसभर पांढरे पाय घेऊन हिंडत होतं.

२१ मे
तीळ शर्टाच्या बटणाएवढा झालाय. एकीकडची कड कुरतडल्यासारखी, मध्ये निळसर. पाठ झोंबते म्हणून हल्ली सदरा घालूनच चढतात. काय रे, म्हणाले. काही नाही, म्हणालो. ते दवाखान्यात अडकले की काम बंद, आणि मला परत पिशवी भरावी लागणार. ती आत्ता कुठे रिकामी केलीय.

२ जुलै
आज पावसाची उघडीप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, उन्हात राबणाऱ्यांची कातडी तपासायला. तीळ पसरला, रंग बदलला तर लगेच या, म्हणाल्या. वेळेत कापला तर माणूस वाचतो, नाहीतर तो आत उतरतो. मिस्त्री छपरावरूनच ओरडले, माझी पाठ रोज तपासून होते बाई, आमचा भटक्या आहे ना!
मी रंग ढवळत राहिलो. तो केव्हाच एकजीव झाला होता.

१९ ऑगस्ट
आता उंचवटा आहे. मलम चोळताना बोटाला रक्त लागलं. काय रे — काही नाही. जीभ आपोआप वळते. हात धुतले. जेवलो. झोपही लागली.

९ सप्टेंबर
मिस्त्रींच्या काखेत गाठ. टणक. मानेपाशी आणखी एक —
चार पायऱ्यांत धाप लागते. काकू म्हणाल्या, वय झालं. मीही म्हणालो, वय —

१० सप्टेंबर
मीच मिस्त्रींना दवाखान्यात घेऊन आलो. बाहेर बाकावर बसून लिहितोय. त्याच डॉक्टरीणबाई. सदरा वर केला आणि दिवा जवळ ओढला. मग विचारलं, हे कधीपासून?
मिस्त्री म्हणाले, ह्यालाच विचारा, हा रोज बघतो.
दोघंही माझ्याकडे बघत होते. मिस्त्री तर हसून. मी म्हणालो, काही —