बारब्राच्या नावचं कार्ड

बॅलीफार्नन,
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९८२

ती. ॲट्रॅक्टाताईस,
सा. न. वि. वि.

मी बरी, मॅटी बरा, कोंबड्या अंडी देत नाहीत. पुढचं वाचायच्या आधी खाली बस. आपली बारब्रा गेली.

सकाळी रेडिओवर ऐकलं. तुला माहीतच आहे, माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर ते आयरिश भाषेतलं स्टेशन चालू असतं, गाण्यांसाठी. भाषा मला येत नाही. शाळेत बाईंनी एकच वाक्य घोटून घेतलं, बाहेर जाऊ का म्हणून विचारायचं. ते विचारून मी एकदा बाहेर गेले ती परत आत गेलेच नाही. मॅटी म्हणतो, कळत नाही तर ऐकतेस कशाला, बँड वाजला की गायसुद्धा मान वर करून उभी राहते. राहू दे. कळणाऱ्या बातम्या ऐकून माझा नवरा तरी कुठे शहाणा झालाय?

तर अकराच्या सुमारास फिडल वाजायचं थांबलं आणि त्या निवेदकाचा आवाज खाली उतरला. रोज उतरतो. मग नाव, गाव, जरा थांबणं, परत नाव. गेलेल्या माणसांची यादी असते ती. एवढं कळायला शाळा लागत नाही. मी पीठ मळत होते. तो म्हणाला बारब्रा, मग कोल्म म्हणाला, मग कारना. त्या गावात कोल्मची बारब्रा दुसरी कोण असणार?

ताई, सहा वर्षं झाली. तिचा नवरा कोल्म गेला तेव्हा मी मातीला गेले नाही. गाय व्यायची होती हे खरं. पण वर मी पत्रात लिहिलं की कोण आलं, कोण नाही हे मेलेल्याला थोडंच कळतं, उन्हाळ्यात निवांत येईन. आपण बटाटे काढायला स्कॉटलंडला गेलो त्या हंगामात, गोठ्यातल्या पेंढ्यावर मी आईच्या आठवणीनं रडायचे, तेव्हा जिनं मला आपल्या घोंगडीत घेऊन गाणी म्हटली, तिला मी हे लिहिलं. तिचं पत्र पुन्हा आलं नाही. मी कसली ताठ, मीही लिहिलं नाही.

उद्या पहाटे निघते. तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना होईल असं फादरच्या सहीचं कार्ड आणलंय. तिच्या घरी न्यायला हॅम उकडून ठेवलाय. ही माती मी चुकवणार नाही. तिला कळणार नाहीच, पण मला कळेल.

रागवायचं तर रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी
डिम्फना


कॉव्हेंट्री,
शनिवार, १३ फेब्रुवारी १९८२

चि. डिम्फनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. कामावर जाताना वाचलं ते चुकलंच, दिवसभर चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझे हात फोडांनी भरले होते तेव्हा बारब्रानं आपला पेटीकोट फाडून पट्ट्या बांधल्या होत्या. तिला अजून मरायची काय घाई होती?

इथल्या फादरकडून मीही मिसाचं कार्ड घेतलं आणि पाकिटावर बारब्राच्या घरच्यांस असं घालून थेट कारनाला टाकलं.

आता राग येईल, पण विचारते. तू नीट ऐकलंस ना गं? तू घाईची. पलीकडचा म्हातारा कुंपणाला टेकून झोपला होता, तेव्हा मेला म्हणून धावत जाऊन फादरला घेऊन आलेली तूच. अर्थात हे पत्र मिळेल तोवर तू जाऊन आलेली असशील. तिथे कुणी टोचून बोललं असेल तर उलट बोलली नसशील अशी आशा करते. फार नाही करत.

मॅटीला विचारलंय म्हणून सांग. माझा जीव तुम्हा दोघांत आहे, हे विसरू नका.

तुझी
ताई


बॅलीफार्नन,
रविवार, १४ फेब्रुवारी १९८२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायचंय, पण मला धीर नाही. बारब्रा जिवंत आहे! धडधाकट आहे. माझ्यापेक्षा जाड झालीय.

गॉलवेपर्यंत बसनं गेले, पुढे मासेवाल्याच्या गाडीतून. कारनाला जायचंय म्हटल्यावर तो म्हणाला मयतीलाच ना. म्हणजे माझी खात्रीच झाली. दुपारी चारला पोचले. दारात पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते, त्यांना कोपरानं सारत आत गेले. खाटेकडे बघवेना, म्हणून डोळे मिटूनच गुडघ्यावर बसले आणि रोझरीचा जप सुरू केला. निम्म्यात कुणीतरी माझ्या काखेतला हॅम ओढायला लागलं. डोळे उघडले तर खाटेवर एक म्हातारी, बारब्राची सासू सोरखा, त्र्याण्णव वर्षांची, अगदी समाधानी तोंडानं पडलेली. आणि हॅम ओढत होती ती बारब्रा, कमरेला एप्रन, दुसऱ्या हातात किटली.

रेडिओवाल्याची काही चूक नाही. त्यानं आधी सोरखाचं नाव घेतलं होतं, तेव्हा मी नळ सोडला होता. मग तिला सून बारब्राच्या, म्हणजे कोल्मच्या घरी ठेवलंय, दर्शनाला तिकडे या, असं तो सांगत होता. मी पकडलं ते शेपूट.

मी उठायला गेले. मटकन बसले ती बाकावर ठेवलेल्या शेजारणीच्या सोडा ब्रेडवर. आणि सगळ्यांदेखत बारब्राला म्हणाले की तू तर मेली नाहीस. ती म्हणाली की नाही मेले, पण त्याशिवाय तू आली असतीस का? हातात कार्ड होतं, तेच पुढे केलं.

तिनं स्वतःचं नाव वाचलं. खाली दिवंगत आत्म्यास शांती लिहिलेलं वाचलं. परत एकदा वरपासून वाचलं. मग जी हसायला लागली, की आधाराला खाट धरली आणि खाट हलून सोरखाच्या हातातली जपमाळ घसरली. मग तिनं सगळ्या घराला तिच्या भाषेत हकिगत सांगितली. मला शब्द कळला नाही, पण एकेक जण येऊन आधी कार्ड बघायचा, मग मला. एक म्हातारा तर माझा हात धरून बारब्रा गेल्याबद्दल सांत्वन करून गेला.

कप विसळताना ती हळूच म्हणाली की कोल्मच्या वेळी आली नाहीस ते मी विसरणार नाही. पण माझ्या मातीला सगळ्यात आधी तूच आलीस, तेही कसं विसरू?

दोन दिवस राहून, म्हातारीला माती देऊन परत आले. मॅटी म्हणतो मी बसमधून उतरले ती दहा वर्षांनी लहान दिसत होते. त्याचा चष्मा बदलायला हवा.

तू तिकडे काही पाठवलं बिठवलं नसशीलच. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.

तुझी
डिम्फना


कारना,
१ मार्च १९८२

प्रिय डिम्फनास,
स. न. वि. वि.

परवा पोस्टमन तोंड पाडून आला आणि हे तुझ्या घरच्यांसाठी आहे म्हणत पाकीट माझ्याच हातात दिलं. ॲट्रॅक्टाचं कार्ड. तुम्ही बहिणींनी मला मारायचंच ठरवलंय काय? दोन्ही कार्डं घड्याळामागे ठेवलीत. फादर म्हणाले सांगितलेला मिसा परत घेता येत नाही, जिवंतपणीच लागू पडेल. पडला वाटतं, माझा गुडघा दुखायचा थांबलाय.

घर मोकळं वाटतं. सोरखाची बडबड नाही. म्हणून लिहिते, तू गोठ्यात परत परत म्हणायला लावायचीस त्या गाण्याचा अर्थ मी ओळीला ओळ लिहून पाठवू का? एवढी वर्षं बाई न समजता रडतेय, मला वाईट वाटतं.

आणि सतराला, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, सकाळी अकराला रेडिओ लाव. आधीपासून कान देऊन ऐक, नळ बंद कर.

आता पत्र थांबवू नकोस. या वयात सहा वर्षं परवडायची नाहीत.

तुझी
(अजून तरी) बारब्रा


बॅलीफार्नन,
१८ मार्च १९८२

प्रिय बारब्रास,
स. न. वि. वि.

ऐकलं. नळ बंद होता, कोंबड्यांनाही दम दिला होता.

अर्थ नको पाठवू. त्या गाण्यात काय आहे ते मला माहीत आहे. पेंढा टोचतोय, तुझी घोंगडी ओली आहे आणि तू माझ्या पाठीमागून गातेयस. तू लिहून पाठवशील आणि त्यात भलतीच कुणी पोरगी भलत्याच होडीत बसून जाईल. मला ती होडी नको.

उन्हाळ्यात येते. या वेळी खरंच. कुणी मेलं नसलं तरी.

काल काय झालं ते सांगते. आम्ही चर्चहून नुकतेच आलो होतो. मॅटी कॉलरला सणाची हिरवी पानं लावून, टोपी घालूनच चहा पीत होता. अकराला फिडल थांबलं, निवेदकाचा आवाज आला आणि तो म्हणाला डिम्फना, बॅलीफार्नन. मॅटीनं पटकन टोपी काढली, कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली आणि मान खाली घातली. मी समोर उभी, कोपरापर्यंत पीठ. मग तू माझ्या नावानं मागितलेलं ते गोठ्यातलं गाणं लागलं.

मी त्याला सांगितलं टोपी घाल, मी इथंच आहे. त्यानं वर बघितलं आणि टोपी घालायची सोडून रेडिओचा आवाज मोठा केला.

जशी आहेस तशी राहा, आणि मलाही तशीच राहू दे.

तुझी
डिम्फना