बेटावर डोळे कोण काढायचं?

मी, ठमाबाई, कै. गुणाजी मोकल यांची बायको, वय एकाहत्तर, धंदा गणपतीचं रंगकाम, राहणार हमरापूर, तालुका पेण, जिल्हा रायगड, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते मला विचारून बघावं. मला कोणी दमदाटी केलेली नाही; आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे. लिहिणार हैबतराव, पेणच्या कचेरीबाहेर दस्त लिहितात ते. मी सांगेन तसं लिहायचं, आणि "सदरहू", "सबब" घालायची त्यांना हौस असेल तर मधूनमधून घालावं, असं आमचं ठरलं आहे.

१. सदरहू घर व मागची कारखान्याची जागा माझ्या स्वकष्टार्जित कमाईची असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. घर दोन्ही मुलांना, थोरला दामू आणि धाकटा प्रविण, सारखं. मागच्या दोन शेड ज्याच्या त्याला, साच्यांसकट. घरात दोन चुली झाल्याच आहेत, त्यावर मी बोलत नाही. अंगणाचं मात्र पुढे कलम सहामध्ये बघा.

२. सोन्याच्या पाटल्या आणि पोस्टातली शिल्लक माझी मुलगी सोनी, रोह्याला दिलेली, हिला. सोने, पाटल्या मोडून फ्रीज घेऊ नकोस. घेतलासच तर निदान मला कळू देऊ नकोस.

३. सोनीचा नवरा विलास यांचं परदेशी मासिक माझ्या ट्रंकेत आहे, ते त्यांना परत. त्यांच्या कंपनीतला कोणी साहेब बदलीवर जाताना ते टाकून गेला होता. शिफ्ट नसेल त्या रविवारी जावईबापू येतात आणि मला त्यातलं मराठीत करून सांगतात. भर समुद्रात एक एवढंसं बेट आहे. तिथल्या लोकांनी फार पूर्वी डोंगर कोरून दगडाची माणसं केली, घराएवढी उंच, आणि किनाऱ्याला ओळीने उभी केली. मग कधीतरी सगळं मोडलं. झाडं गेली, मूर्ती पालथ्या पडल्या, माणसं मूठभर उरली.

का मोडलं, यावर विद्वानांची जुंपली आहे. एक म्हणतो, मूर्ती ओढून न्यायला झाडं तोडली आणि रान संपवलं. दुसरा म्हणतो, उंदरांनी झाडांच्या बिया खाल्ल्या. तिसरा म्हणतो भाऊबंदकी, या घराण्याने त्या घराण्याच्या मूर्ती पाडल्या. चौथा म्हणतो, बाहेरून जहाजं आली, माणसं धरून नेली आणि रोग ठेवून गेली. जावईबापू दर रविवारी नव्या विद्वानाच्या बाजूने असतात. ते सांगत होते आणि मला आपलं अंगण दिसत होतं.

४. सबब फणसाचं प्रकरण इथेच लिहून टाकते. ही जागा मी अंगणातल्या त्या फणसासाठी घेतली होती. सावलीत वाळलेली मूर्ती तडकत नाही, हे कळायला कुठलं मासिक लागत नाही. गेल्या वर्षी प्रविणने मुंबईच्या एका मंडळाचा गणपती घेतला. उंची वाढत गेली, त्याला भान राहिलं नाही. बाहेर काढायच्या दिवशी आधी दाराची चौकट तोडली. मग कळलं की टेंपो लागतो तिथवर मूर्ती जायला वाटच नाही, मध्ये फणस. संध्याकाळपर्यंत फणस आडवा.

आता प्रत्येकाचं म्हणणं ऐका. दामू म्हणतो, "एवढा उंच बाप्पा करायला त्याला सांगितलं कोणी?" प्रविण म्हणतो, "दादाने शेड पुढे ओढली नसती तर बाजूने वाट होती." टेंपोवाला कमळाकर म्हणतो, "मंडळवालेच उंची मागतात काकू, आपण काय करणार?" आणि हैबतराव म्हणतात, घुशींनी मुळं पोखरली होती, झाड आज ना उद्या पडलंच असतं. (हे वाक्य हैबतरावांनी मान खाली घालून लिहिलं आहे.)

चौघांचंही थोडं थोडं खरं आहे, हीच पंचाईत. पण करवतीच्या दोन बाजूंना माझेच दोन मुलगे होते. कित्येक वर्षांत दोघांनी मिळून केलेलं तेवढंच काम. मी पायरीवरून ओरडत होते, "अरे थांबा, मूर्ती अर्धी कापून न्या, तिकडे गेल्यावर जोडता येते." कोणी ऐकलं नाही. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे. दामूने अंगणात उभं राहून सांगितलं, "यापुढे त्याच्या घरचा हात माझ्या मूर्तीला लागणार नाय."

५. आता माझं मत, कारण हे मृत्युपत्र माझं आहे. मासिकात लिहिलंय की त्या दगडी माणसांना पांढऱ्या पोवळ्याचे डोळे बसवत, तेही मूर्ती जागेवर उभी राहिल्यावर. आणि खाणीत शेकडो मूर्ती तशाच पडल्यात, बिनडोळ्यांच्या. मी जावईबापूंना विचारलं, "तिथं डोळे कोण काढायचं?" ते म्हणाले, "आई, हे यात नाही दिलेलं." "मग मासिकवाल्यांना कळवा," म्हटलं, "विचारा म्हणावं." मला वाटतं, डोळेवाला कोणीतरी एकच असणार. तो हात न शिकवता मेला आणि बाकीचे नुसते उंच उंच कोरत बसले. बिनडोळ्याच्या मूर्तीला कोण हात जोडणार? विद्वानांनी हसावं खुशाल. त्यांनी कधी डोळ्यांची आखणी केलेली नाही.

आमच्या दोन्ही शेडमधल्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मी करते, हे पेणपासून पनवेलपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ते खोटं आहे. यंदा माझा हात कापायला लागला. बुबुळाची रेघ केसभर सरकली तरी देव तिरळा दिसतो. आखणी करताना मी जुनं लुगडं पडद्यासारखं आडवं बांधते, आणि रंगाच्या वाट्या धरायला फक्त प्रविणची बायको पूजा आत असते. यंदा वाट्या मी धरल्या आणि ब्रश तिने. प्रविणच्या मूर्ती आणि दामूच्याही, सगळ्या. पोरगी नवऱ्यालासुद्धा बोलली नाही. दामूने गिऱ्हाइकाला आपला गणपती दाखवून सांगितलं, "बघा, आईचा हात." दामू, तुला माझा वाटला तो हात तिचा होता, आणि माझ्यापेक्षा बरा होता. मला हेवा वाटला, तोही लिहून ठेवा हैबतराव.

६. सबब, माझे खारीच्या केसांचे ब्रश, रंगाच्या वाट्या, रंगकामाची खोली आणि दोन शेडच्या मधलं रस्त्यापर्यंतचं अंगण हे सर्व सून पूजा हिच्या एकटीच्या नावे. प्रविणच्या नाही, त्याने लगेच खुशीत येऊ नये. अंगणातून मूर्ती नेण्याचा हक्क दोन्ही भावांना कायम राहील. भिंत घालण्याचा कोणालाही नाही. पूजाने आखणी दोघांचीही करायची आणि मजुरी दोघांकडूनही घ्यायची. ज्याला तिचा हात नको असेल त्याने आपल्या गणपतीचे डोळे आपणच काढावेत. पुढचं गिऱ्हाईक बघून घेईल. शिकायला जो येईल त्याला तिने शिकवायचं, दामूच्या घरचा असला तर आधी.

७. दाराची चौकट जेवढी, तेवढाच बाप्पा. मंडळवाल्यांना सांगा, म्हातारी लिहून ठेवून गेली, आमचा नाइलाज आहे. माझ्यावर ढकलायला माझी हरकत नाही.

८. हैबतराव म्हणतात, पाकिटाला लाख लावून ठेवू, मागाहून उघडतील. मी नको म्हटलं. त्या बेटावरची माणसं गेली आणि मग ती कशाने गेली हे सांगायला साऱ्या जगाला कंठ फुटला. होती तेव्हा कोणी विचारलं नाही. माझ्या मुलांनी माझ्यामागे विद्वान होऊ नये. म्हणून हा कागद येत्या रविवारी सकाळी अंगणात, दोघांना समोरासमोर बसवून, मोठ्याने वाचला जाईल. पूजा त्या दिवशी चहा करणार नाही, माझ्याशेजारी बसेल. दामू, तुला राग येईल. ये तरी. काय बोलायचं ते मी समोर असताना बोल. वाचून झालं की सगळ्यांचं जेवण एकत्र. दोघे भाऊ एका पंगतीला बसल्याशिवाय मी घास घेणार नाही, आणि या वयात मला फार वेळ उपाशी ठेवलंत तर वरील सर्व कलमं ताबडतोब लागू होतील.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

ठमाबाई गुणाजी मोकल (स्वतःची सही, वाकडी असली तरी)

साक्षीदार:
१. कमळाकर, टेंपोवाले, राहणार पेण
२. धोंडुबाई, राहणार कासू (अंगठा)

लेखनिक: हैबतराव, पेण

ठिकाण: हमरापूर
दिनांक: १८ नोव्हेंबर १९९६