भात बंद, सुई चालू

२० जून २०११, सोमवार
सगळं बदललं ते आज दुपारी. आमगाव स्टेशनच्या बाकावर मी शर्ट वर करून पोटात सुई टोचत होतो आणि समोर स.चा बाप उभा.

(पूर्ण नाव लिहिणार नाही. ही वही डॉक्टरांनी शुगरचे आकडे लिहायला दिली आणि माय ती रोज उघडते.)

स. गोंदियाला फॉर्म भरून परत चालली होती, मी तिला सोडायला तिच्या गावी, आमगावपर्यंत. भूक लागली, समोसे घेतले. खायच्या आधी मी सुई काढली. टाइप वन होऊन दोन वर्षं झाली, आता लाज उरली नाही. तिच्या बापाने आधी सुई पाहिली, मग माझ्या बाजूला बसलेली पोरगी.

"कोण होय गा तू?"

सांगितलं. कामठ्याचा. शुगर आहे. लग्न करायचं आहे हेही सांगून टाकलं. डोकं तापलं की माझं तोंड थांबत नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "जलमभर सुया टोचणाऱ्याले पोरगी देऊ, अन् तिले नर्स बनवू का? सुई सुटल त ये घरी. तवा बोलू."

तिला घेऊन गेला. समोसे तिथेच राहिले. सुई तर आत गेलेली, वर पोटात काही नाही. परत येताना हातपाय कापायला लागले, पानठेल्यावर बिस्किटाचा पुडा घेऊन उभ्यानेच संपवला.

आकडा लिहीत नाही आज.

२२ जून
सुई सुटल त ये. दोन दिवस तेच डोक्यात.

मी ज्या सायबर कॅफेत कामाला बसतो, तिथे दुपारी गिऱ्हाईक नसतं. नेटवर शोधत बसलो. परदेशातली एक बाई, पोराला पंधराव्या वर्षी हेच झालं. तिने त्याची पोळी, भात, बटाटा, साखर जवळजवळ बंद केली. अंडी, मच्छी, पालेभाजी, शेंगदाणे. आकडे सरळ रेषेत. इन्सुलिन एकदम कमी लागतं म्हणते.

एकदम कमी. मग कमी होत होत शून्य काऊन नाही होणार?

मालक मागून वाचत होता. "अरे भाई, गोंदिया में रहके चावल छोड़ेगा? पानी भी छोड़ दे."

भात बंद. उद्यापासून.

२४ जून
सकाळी ११८. जे.नं. (जेवणानंतर) १३४. आजवर कधी पाहिला नाही असा आकडा. डोकं मात्र दुखतं, चालताना पायात जीव नाही.

घरात बोंब. बाबा राइस मिलमध्ये हमाल. पाठीवर तांदूळ, घरात तांदूळ, मिलमधून कणी (तुटका तांदूळ) आणतात ती कोंबड्यांना. म्हणाले, "आमच्या कोंबड्या भात खातेत अन् आमचा पोट्टा कोंबड्याईचे अंडे खाते. वा!"

मायला हसू आलं नाही. "भात नाई त जेवला कसा म्हणू तुले?"

तिच्या हिशेबात मी तीन अंडी, बोदीतली (शेततळ्यातली) मच्छी आणि वाटीभर चवळीची भाजी खाऊन उपाशीच आहे. शेजारीण विचारते "जेवला का बाबू?" तर माय सांगते, "नाई वो."

२९ जून
१०४. ९६. जे.नं. १२१. एकशे एकवीस!

स.ला एसएमएस केला, फक्त आकडे. तिचं उत्तर: "पास झाला. पण वाळून नको जाऊ."

कॉलेज सोडलं त्यानंतर पहिल्यांदा कशात तरी पास. (होस्टेलात पेटीत सिरिंज सापडल्या, पोरं म्हणाली गर्दुल्ला. एकाचं नाक फोडलं. वॉर्डन म्हणाला माफी माग. मागितली नाही. बी.एस्सी. दुसरं वर्ष, संपलं.)

४ जुलै
डॉक्टरांकडे. वही पुढे टाकली. वाटलं शाबासकी देतील.

शाबासकी दिली, मग धुतलं. "आकडे चांगले आहेत. पण जेवण अर्धं केलंस आणि डोस तोच? मला न विचारता? झोपेत शुगर पडली असती तर?" डोस उतरवला. म्हणाले कमी भाताने राहायचं असेल तर माझ्या नजरेखाली राहा, आईला घेऊन ये, साखर खिशात ठेव, वजन दाखव.

मी एकच विचारलं. "सुई कधी सुटल?"

"या प्रकारात सुटत नाही. तुझ्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. जेवण बदलून कमी लागेल, पण लागेल. उपाशी राहिलास तरी लागेल."

"तुम्हाले काय जाते बोलायले!" म्हणून उठलो. आहाराचा कागद टेबलावरच राहिला. बाहेर येऊन सायकलच्या सीटवर दोन बुक्क्या मारल्या. सीटचं काही गेलं नाही.

डॉक्टरला माहीत नाही. नेटवरच्या त्या बाईला माहीत आहे.

९ जुलै
पहाटे ६८. घामाने बनियान ओलं. गूळ खाल्ला, उतरलं.

माय उठली होती. तिला समजावलं: सत्तरच्या खाली म्हणजे कमी, तेव्हा गोड द्यायचं, घाबरायचं नाही. चौथी शिकलेली आहे, आकडे वाचते. वहीतल्या ६८ वर बोट ठेवून बराच वेळ बसली.

"अन् लयच कमी झाली त?"

मी म्हटलं, "त मरते माणूस." चिडून म्हटलं. उगाच.

१६ जुलै
हे काय आहे? जे.नं. १९२. काल २०५. भाताचा दाणा नाही पोटात. साखर नाही, बटाटा नाही, शेजारच्या बारशाचा पेढाही परत केला. रोवणी (भातलावणी) सुरू आहे, बांधावर सगळे भात-वरण हाणतात, मी एकटा अंडी सोलतो. "डॉक्टरसाहेब जेवून राहिले," असे टोमणे ऐकतो. आणि १९२?

मशीन बिघडली वाटलं. बाबांचं रक्त टाकून पाहिलं, १०१. मशीन ठीक. म्हणजे मीच बिघडलो.

मायच्या हाताला मात्र चव आली आहे. मच्छीचा रस्सा घट्ट, वांग्याचाही घट्ट. तेवढंच सुख.

१९ जुलै
२१८. डॉक्टरांकडे कोणत्या तोंडाने जाऊ? डोस मीच वाढवला. आधी दोन युनिट, मग अजून दोन.

२१ जुलै
स.चा फोन, बॅलन्स नाही म्हणून पीसीओवरून, एका दमात बोलली. ७ ऑगस्टला तिला पाहायला पाहुणे येणार, मुलगा शिक्षक. "बाबाले सांगतलं मी, तो सुई सोडून राहिला म्हणून. ते म्हणतात दाखव म्हणा." मग म्हणाली, "खरं सांग, सुटून राहिली का?"

म्हटलं, हो.

आज सकाळी डोस चढवला, आणि हो म्हटलं.

अजून दोन युनिट. १५५.

२५ जुलै
काल लिहिता आलं नाही.

काल स.ला भेटायला गोंदिया स्टेशनवर. नेहमीचा, म्हणजे वाढवलेला डोस घेतला आणि ठेल्यावर दोन अंड्यांचं आमलेट खाल्लं, पाव तिला दिला. ती बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज नव्हता. मग फलाटाची फरशी गालाला थंडगार लागली.

पुढचं तिने सांगितलं. लोक जमले. "पी के गिरा है, सुबह सुबह." एकाने पायाने हलवून पाहिलं. स.ने चहावाल्याची साखरेची वाटी हिसकली, ती माझ्या गालाच्या आत साखर चोळत राहिली आणि त्या माणसाला म्हणाली, "पाय काढ, नाहीतर मोडून टाकीन!" शुद्ध आली तेव्हा तिची ओढणी चहा-साखरेने चिकट झालेली.

रडत नव्हती. "घरी खाते तेवढंच खाल्लं न तू? तेवढीच सुई घेतली न? मग घरी काऊन नाई पडत?"

घरी येऊन वही पहिल्यापासून चाळली. काही सापडलं नाही.

२६ जुलै
उत्तर सापडलं.

कॅफेत लाईट नव्हती म्हणून लवकर घरी. माय अंगणात जात्यावर बसलेली. कणी दळत होती. कोंबड्यांना कणी दळून कोण देतं? पीठ वाटीत घेतलं, आत गेली, पाण्यात कालवून वांग्याच्या भाजीत ओतलं. पळीने ढवळलं, चाखून पाहिलं.

दोन आठवडे. रोज. दोन्ही वेळा. ठेल्यावरच्या आमलेटात तेवढं नव्हतं.

भाजीचं भगोनं उचलून अंगणात फेकलं. कोंबड्या धावल्या. काय काय बोललो ते लिहीत नाही. मला मारायला निघालीस, हे बोललो.

मायने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "अडुसट लिवलं होतं न तू. मी वाचलं. कमी झाल्यावर मरते, तूच सांगतलं. तुह्या ताटात भात वाढला असता त तू उठला असता. मंग कायले सांगू? लेकराच्या पोटात दोन घास त जावं."

मी आकडा चढलेला पाहून सुई वाढवायचो. ती उतरलेला पाहून पीठ वाढवायची. एकच वही. दोघं वाचायचो. एकमेकांशी बोललो नाही.

बाबा रात्रभर अंगणात बसून. एकदाच म्हणाले, "भगोनं नवं होतं."

२७ जुलै
पण यातून एक निघतं. आकडे चढले ते पिठाने! म्हणजे त्या बाईचं खरं होतं. पीठ नाही, भात नाही, मग सुई कशाला?

पीठ आणि सुई, आजपासून दोन्ही बंद. इन्सुलिनची बाटली थंड राहायला मडक्याच्या ओल्या रेतीत ठेवलेली आहे, तिथेच राहू दे. जेवण माझं मी शिजवतो. मायशी बोलणं बंद.

७ तारखेला आमगावला जाऊन रिकामे हात दाखवतो.

२८ जुलै
सकाळी २६०. काल फक्त अंडी. पीठ नाही. मीच शिजवलं. मग २६० कुठून?

दुपारी ३४०. तहान. बादलीभर पाणी प्यायलो असेन.

संध्याकाळ. उलटी. पोटात कोणी पिळून

२ ऑगस्ट
दवाखाना, गोंदिया. आज पेन धरवतं.

बाबांनी मिलच्या ट्रकमध्ये टाकून आणलं म्हणे. श्वास भात्यासारखा, तोंडाला सडक्या फळाचा वास. दोन दिवस सलाइन आणि त्यातून इन्सुलिन. तासातासाला बोट टोचायचे. माय खाटेखाली चटईवर. आल्यापासून ती जेवली नाही असं नर्सने सांगितलं. मी विचारलं तर म्हणते, "जेवली न." खोटं बोलायला घरात दोघंच शिकलेले, ती आणि मी.

भाताचा कण नव्हता पोटात. तरी मरत होतो. हे डॉक्टरांनी टेबलापलीकडून सांगितलं होतं. मला अंगावर घेऊन पाहावं लागलं.

४ ऑगस्ट
डॉक्टर खाटेशी आले. बाबांनी त्यांना पिठाचं सांगितलेलं. मायलाच आधी विचारलं, "किती पीठ टाकत होतात?" माय ओंजळ दाखवून म्हणाली, "इतलंसं." आणि रडायला लागली. ते रागावले नाहीत. म्हणाले, "भात कमी ठेवायचा तर ठेवू. आता लगेच नाही, आधी हा उभा राहू दे. पण लपवून काही नको. ह्यानेही नको, तुम्हीही नको. ताटात जे आहे ते वहीत पाहिजे, त्यावर सुई ठरेल."

मी म्हटलं, "अन् सुई?"

"सुई जन्मभर."

या वेळी उठून जायला पायात बळ नव्हतं. ऐकून घेतलं.

६ ऑगस्ट
घरी. माय वाटी मोजून भात वाढते, मला दाखवून. वाटी म्हणजे तिच्या मते चिमणीचं जेवण. वहीत तीच लिहिते आता: "भात १ वाटी. मच्छी. पिट नाई." खाली रेघ ओढते.

स.चा एसएमएस: "उद्या ११ वाजता पाहुणे. तू सांगितलं होतं सुटून राहिली. बाबाले मी तेच सांगितलं. आता काय सांगू?"

दहा वेळा टाइप केलं, दहा वेळा पुसलं.

तिने माझ्यासाठी बापाजवळ खोटं बोलून ठेवलं, कारण मी तिच्याजवळ बोललो. अजून एक पीठ कालवलेलं भगोनं.

७ ऑगस्ट, रविवार
सकाळी १४२. जिवंत माणसाचा आकडा.

सुई घेतली, चुलीसमोर, मायसमोर. भात १ वाटी, अंडं १, पालक. जेवलो. मायने स्वतः वाढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून खाल्लं.

आमगावला चाललो. पाहुण्यांच्या आधी पोचतो की त्यांच्यासमोरच उभा राहतो, माहीत नाही. तिचा बाप अंगणातूनच हाकलेल. हाकलू दे. पण आधी ऐकेल: काका, सुटली नाही. सुटणार नाही. ती खोटं बोलली नाही, मी बोललो. एवढं बोलून पुढे काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. हात उचलायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

स.ला काय बोलू, तेही ठरवलेलं नाही.

वरच्या खिशात सिरिंज, दिसेल अशी. खालच्या खिशात मायने साखरेची पुडी घातली, वर अजून एक घातली. विचारत नाही कुठे चाललो. पावसाने रस्ता चिखल, सायकलला वेळ लागेल.

माय आतून ओरडते, "दार लावून घेजो, कोंबड्या घुसतेत कणीत."

वही इथेच ठेवतो, तिच्यासाठी. दार लावतो.